तोस्कानिनी ऐकायला सुरुवात कुठून करावी?

श्रवणवही

आर्तुरो तोस्कानिनी या इटालियन कंडक्टरवर श्रवणमंडळाची दोन तासांची बैठक ठरली आहे. मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीतात मुरलेली, कान तयार. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची ओळख मात्र जेमतेम. प्रत्यक्ष संगीत सव्वा तासाच्या आत बसवायचं आहे, बाकी बोलणं.

अडचण अशी की त्याची १९३९ची बीथोव्हनची पाचवी सिंफनी लावली, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि लय अंगावर धावून येते. हा दोष ध्वनिमुद्रणाचा की वाजवणाऱ्याचा? कोणती ध्वनिमुद्रणं घ्यावीत, कोणती टाळावीत? 'जसं लिहिलंय तसं वाजवणारा' असं त्याच्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, ते कितपत खरं? आणि रिओमध्ये एकोणिसाव्या वर्षी ऐन वेळी छडी हातात घेतल्याची गोष्ट सांगावी, की ती दंतकथा समजून सोडून द्यावी?

---

मंद्रपंचम

आधी एक खात्री करून घ्या: तुमच्याकडची १९३९ची पाचवी नेमकी कोणती? त्या वर्षीच्या दोन फिरतात. एक फेब्रुवारी-मार्चमध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी केलेली, दुसरी नोव्हेंबरमधल्या रेडिओ मैफलीची. शेवटी टाळ्या असतील तर ती मैफलीची. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत. म्हणजे वादकांनी दर चार मिनिटांनी थांबायचं आणि पुन्हा त्याच तापमानावर सुरू व्हायचं. तोस्कानिनीला हा प्रकार अजिबात सोसत नसे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तो खंड नाही, त्यामुळे वर्ष तेच असलं तरी मैफलीतली पाचवी जास्त सलग श्वास घेते.

आता पत्र्याच्या आवाजाचं कारण. दोन्ही न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या एनबीसी या रेडिओ कंपनीच्या ८-एच स्टुडिओतल्या. हा स्टुडिओ रेडिओसाठी बांधलेला. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये, हीच त्याची रचना. चांगल्या सभागृहात मोठा स्वरसमूह थांबल्यावर दीड-दोन सेकंद हवेत तरंगतो. ८-एचमध्ये तो जागच्या जागी विझतो. तुमच्या मंडळींना सांगायचं तर तंबोरा बंद करून ख्याल ऐकण्यासारखं आहे हे. दोन स्वरांमधली जागा रिकामी पडते आणि त्या रिकामेपणामुळे जलद लय आहे त्याहून जलद वाटते. तोस्कानिनीची पाचवी जलद आहेच, पण जो उतावळेपणा तुम्हाला ऐकू आला त्यातला बराचसा भाग खोलीचा आहे.

म्हणून सुरुवात पाचवीपासून करूच नका. १९३६च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर कार्नेगी हॉलमध्ये त्याने बीथोव्हनची सातवी, ब्राम्सची 'हायडनच्या धूनीवरील रूपं' आणि रॉसिनीच्या 'सेमिरामिदे'ची नांदी मुद्रित केली. त्याच्या सगळ्या वारशात मला हीच ध्वनिमुद्रणं सर्वांत मोलाची वाटतात. सभागृह चांगलं, वाद्यवृंद त्याच्या हाताखाली दहा वर्षं तयार झालेला, आणि तो स्वतः एकोणसत्तर वर्षांचा, पूर्ण ताकदीत. सातवीची दुसरी मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा दुसरा भाग, लावा. एकच लयबंध, लांब-लघु-लघु-लांब-लांब, खर्जातल्या तंतुवाद्यांपासून वर चढत जातो. ठेक्यावर वाढत जाणाऱ्या गाण्याची सवय असलेल्या कानाला इथे कसलंही भाषांतर लागत नाही.

दुसरी चांगली जागा लंडन: बीबीसी सिंफनीबरोबर क्वीन्स हॉलमध्ये १९३७ साली केलेली बीथोव्हनची सहावी, 'पास्टोरल'. 'हा माणूस कडक' असं ज्याने मनाशी ठरवलं आहे त्याला ही ऐकवावी.

१९४१-४२च्या मोसमातली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची ध्वनिमुद्रणं (शूबर्टची नववी, दब्यूसीचं 'ला मेर', चायकोव्हस्कीची सहावी) संगीत म्हणून अप्रतिम आहेत. पण धातूचे साचे तयार करताना बिघडले. पृष्ठभागावर टिकटिक आणि खरखर इतकी की त्याच्या हयातीत ती बाजारात आलीच नाहीत. नवख्या श्रोत्यांसमोर नकोत. घरी हेडफोन लावून जरूर ऐका.

---

दुसरा_चेलो

रिओची गोष्ट खरी आहे. फक्त ती चमत्कार म्हणून सांगितली जाते आणि तिथे तिचा अर्थ हरवतो.

पार्मा शहरात २५ मार्च १८६७ला जन्म, वडील शिंपी आणि गारिबाल्दीच्या फौजेत लढलेले. नवव्या वर्षी पार्माच्या संगीत विद्यालयात दाखल, १८८५ला चेलो घेऊन बाहेर. पुढच्या वर्षी एका फिरत्या ऑपेरा मंडळीबरोबर ब्राझीलला निघाला, तो चेलोवादक आणि कोरसच्या तालमी घेणारा मदतनीस म्हणून. इथेच सगळं आहे. कोरसला आणि गायकांना तालमी देणाऱ्याला प्रत्येकाची ओळ पाठ करावीच लागते. ३० जून १८८६ला 'आइदा'च्या प्रयोगाआधी स्थानिक कंडक्टर लिओपोल्दो मिगेझ भांडून निघून गेला होता. प्रेक्षक इटालियन मंडळीवरच चिडलेले. बदली आलेल्यांना त्यांनी हुर्यो करून उतरवलं. मग वादकांनी या पोराला पुढे ढकललं. त्याने समोरची वही मिटली आणि अख्खा ऑपेरा पाठ चालवला. उरलेला मोसमही मग त्याच्याकडेच आला.

पाठांतरामागे आणखी एक साधं कारण होतं: डोळे. त्याची नजर इतकी अधू होती की स्टँडवरची वही उभ्याने वाचताच येत नसे. घरी पान डोळ्यांजवळ धरून तो ती पाठ करी. तालमीत एखादा बार (लिहिलेल्या संगीतातला आवर्तनासारखा छोटा तुकडा) दाखवायचा झाला तर पान नाकाशी नेई. पाठ चालवण्याची प्रथा पुढे इतर कंडक्टरांनी भूषण म्हणून उचलली. त्याच्यापुरती ती गरज होती.

रिओहून परतल्यावर कंडक्टर म्हणून कामं मिळत असतानाही ५ फेब्रुवारी १८८७ला तो मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात चेलो वाजवायला बसला, कारण संगीतकार वेर्दीच्या 'ऑतेल्लो' या ऑपेराचा पहिला प्रयोग होता आणि तालमींना वेर्दी स्वतः हजर असणार होता. पहिल्या अंकाच्या शेवटी ऑतेल्लो आणि देस्देमोनाचं युगुलगीत चार चेलोंच्या सुरावटीने सुरू होतं. त्यातला दुसरा चेलो याचा. तू फार हलक्या आवाजात वाजवतोस, असं वेर्दीने त्याला सुनावलं होतं. साठ वर्षांनी, ६ आणि १३ डिसेंबर १९४७ला, त्याने न्यूयॉर्कमध्ये हाच ऑपेरा दोन भागांत रेडिओवरून सादर केला: रामोन विनाय, हेर्वा नेल्ली, जुझेप्पे वाल्देंगो. ते चार चेलो तिथे नीट कान देऊन ऐका. चौघेही स्वतंत्र, कुणीही दबलेला नाही. बैठकीत हे युगुलगीत हवंच, दहाएक मिनिटांचं आहे. ध्वनिमुद्रण ८-एचचंच आहे, पण गायक मायक्रोफोनजवळ असल्याने ऑपेरात तो कोरडेपणा सिंफनीइतका खुपत नाही.

नाट्यसंगीताच्या मंडळींशी बोलताना 'वन्स मोअर'पासून सुरुवात करा. आपल्याकडे वन्स मोअरमुळे नाटक पहाटेपर्यंत चाले, तसंच इटलीतही. टाळ्या पडल्या की गायकाने तेच पद पुन्हा म्हणायचं, नाटक तिथेच थांबलेलं. १८९८च्या डिसेंबरात तोस्कानिनी ला स्कालाचा प्रमुख कंडक्टर झाला आणि त्याने ही प्रथा मोडायला घेतली. प्रयोगादरम्यान प्रेक्षागृहातले दिवे बंद, बायकांच्या मोठ्या टोप्या काढलेल्या, ऑपेरानंतर बॅले जोडायचा रिवाज बंद. १९०३च्या मोसमाच्या शेवटच्या रात्री वेर्दीच्या 'उन बाल्लो इन मास्केरा'त प्रेक्षकांनी वन्स मोअरसाठी गोंधळ घातला. अंक संपताच तो घरी निघून गेला आणि पुढची तीन वर्षं परतला नाही. वाद्यवृंदाचा खड्डा ला स्कालात १९०७ला खणला गेला तोही त्याच्याच काळात. तोवर वादक प्रेक्षकांच्याच पातळीवर बसत आणि गायकाला त्यांच्या आवाजावरून ओरडावं लागे.

बाकी नोंदी थोडक्यात: लिऑनकावाल्लोच्या 'पाल्याच्ची'चा पहिला प्रयोग (मिलान, १८९२), पुच्चिनीचा 'ला बोएम' (तोरिनो, १ फेब्रुवारी १८९६), १९०८ ते १९१५ न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन ऑपेरा, १९२१ ते १९२९ पुन्हा ला स्काला, मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १९३६पर्यंत, आणि सत्तराव्या वर्षी खास त्याच्यासाठी उभारलेली एनबीसी सिंफनी, तीही सतरा वर्षं. मृत्यू १६ जानेवारी १९५७, न्यूयॉर्क. दफन मिलानमध्ये.

---

श्रवणवही

दोघांचे आभार. पाचवी मैफलीचीच निघाली, शेवटी टाळ्या आहेत. म्हणजे खंड नसूनही खोली कोरडी ती कोरडीच.

'जसं लिहिलंय तसं' या भागाचं उत्तर राहिलं. ला स्कालातली शिस्त पाहता ते खरंच वाटतं.

---

बारमोजणी

निम्मं खरं. ते कशाच्या विरोधात होतं हे सांगितलं की निम्मंपण कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन गायक वरचा स्वर दम असेपर्यंत लांबवत, स्वतःच्या ताना घालत, न जमणारा भाग खालच्या पट्टीत नेत, आणि कंडक्टर त्यांच्यामागून जाई. तोस्कानिनीने आग्रह धरला तो या सवयींविरुद्ध. बीथोव्हनच्या 'एरोइका' या तिसऱ्या सिंफनीबद्दलही त्याची भूमिका तीच. लोक तिच्यात नेपोलियन शोधतात. त्याच्या लेखी पहिली मूव्हमेंट म्हणजे पानावर लिहिलेलं 'आलेग्रो कॉन ब्रिओ', जलद आणि जोशात, आणि बस.

पण वह्या उघडल्या की वेगळं चित्र दिसतं. दब्यूसीच्या 'ला मेर'मध्ये मुख्य धून इतर वाद्यांच्या गर्दीत बुडते तिथे तिथे त्याने तिला आणखी वाद्यांची जोड दिली. चायकोव्हस्कीच्या 'मॅनफ्रेड'च्या शेवटच्या मूव्हमेंटमधून मोठे तुकडे कापले. पुच्चिनी वारला तेव्हा त्याचा 'तुरान्दोत' हा ऑपेरा अपुरा होता आणि तो फ्रांको आल्फानोने पूर्ण केला. तो शेवट तोस्कानिनीला लांबलेला वाटला आणि त्याने आल्फानोकडून शंभरहून जास्त बार छाटून घेतले. बहुतेक ठिकाणी आज तोच छोटा शेवट वाजतो. २५ एप्रिल १९२६च्या पहिल्या प्रयोगात तर त्याने पुच्चिनीचं लेखन जिथे थांबलं तिथेच, लिऊ या पात्राच्या मृत्यूनंतर, छडी खाली ठेवली. आल्फानोचा शेवट पुढच्या प्रयोगापासून.

माझ्या मते या सगळ्याची किल्ली १८९८मध्ये आहे. वेर्दीच्या 'चार पवित्र रचनां'पैकी काही तोरिनोत वाजवायच्या होत्या, म्हणून तो वेर्दीला भेटायला जेनोआला गेला. 'ते देउम' पियानोवर वाजवताना एका जागी त्याने लय किंचित ओढली, वहीत तशी खूण नसताना. वेर्दीने शाबासकी दिली: ती खूण लिहिली असती तर कंडक्टरांनी लय भलतीच ओढली असती, म्हणून लिहिली नव्हती. स्वरलिपीत बंदिशीचं हाड येतं, लगाव येत नाही, हे तुमच्या मंडळींना माहीत आहेच; वेर्दीचं म्हणणं त्याच जातीचं. 'जसं लिहिलंय तसं'चा तोस्कानिनीचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातलं, असा होता. आणि ते आपल्याला कळतं यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. कधी कधी तो विश्वास जरा जास्तच होता, 'मॅनफ्रेड'मध्ये तर नक्कीच.

'तो कायम जलद' हेही तपासून घ्या. १९३१ला जर्मनीत बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात त्याने चालवलेला वाग्नरचा 'पार्सिफाल' हा ऑपेरा तिथल्या सर्वांत दीर्घ प्रयोगांत मोडतो. त्याचं ध्वनिमुद्रण नाही. लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः एनबीसीचा, सत्तरी ओलांडलेला तोस्कानिनी, आणि त्याच्यावरूनच मत बनलं.

---

मंद्रपंचम

बारमोजणींनी म्हटलेला लवचिकपणा कानांना दाखवायचा असेल तर १९४६च्या, वेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'च्या रंगीत तालमीचं ध्वनिमुद्रण आहे. प्रसारणात हा ऑपेरा घाईचा वाटतो. तालमीत मात्र तो स्वतः, फाटक्या आवाजात, वादकांना ओळी गाऊन दाखवतो, ओरडतो, पुन्हा गातो. पाच मिनिटं पुरेत. वादकांकडून त्याला काय हवं होतं ते त्या घोगऱ्या गाण्यात जितकं कळतं तितकं कुठल्याही वर्णनात कळत नाही. त्याच वर्षीच्या 'ला बोएम'च्या प्रसारणातही (३ आणि १० फेब्रुवारी) गायकांमागून त्याचं गुणगुणणं ऐकू येतं. तो आवाज दोष समजून काढून टाकलेली प्रत मिळाली तर घेऊ नका. पहिल्या प्रयोगाच्या कंडक्टरनेच पन्नास वर्षांनी केलेलं हे ध्वनिमुद्रण आहे.

आता प्रती निवडताना काय चुकतं ते.

पट्टी तपासा. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नसत, आणि फिती करणाऱ्यांनी प्रत्येक वेळी काळजी घेतली असं नाही. पाचवीचा शेवट पांढरी एकवर यायला हवा, सातवीचा पांढरी सहावर. मोबाइलवरच्या ट्यूनरने पाहा. सूर अर्धा स्वर चढलेला, म्हणजे काळी एकवर गेलेला असेल, तर वेगही सहा टक्क्यांनी वाढलेला असतो: सात मिनिटांची मूव्हमेंट सहा मिनिटं छत्तीस सेकंदांत संपते. मग 'किती घाई करतो' हा आरोप तोस्कानिनीवर येतो. थोडासा फरक दिसला तर मात्र सोडून द्या; त्या काळी सगळीकडे एकच पट्टी नव्हती.

'स्टीरिओ' लिहिलेल्या प्रती बहुतेक खोट्या आहेत. साठच्या दशकात मूळ एकमार्गी ध्वनी वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत फोडून दोन स्पीकरवर वाटला गेला. त्याने व्हायोलिन एका कोपऱ्यात चिरके आणि बास दुसऱ्या कोपऱ्यात गढूळ होतात. एकमार्गी प्रतच घ्या. शक्य असेल तर एकाच चांगल्या स्पीकरवर, खोलीच्या मध्यभागी लावा. दोन स्पीकर लांब ठेवले तर मधे पोकळी पडते.

खरखर पूर्ण काढलेली प्रतही नको. सुईच्या खरखरीची आणि व्हायोलिनच्या वरच्या सहस्वरांची जागा एकच. एक पुसलं की दुसरं जातं आणि तंतुवाद्यं पेटीसारखी वाजू लागतात. कानाला थोडी सरसर ऐकू येत असेल तर ती प्रत बहुधा चांगली. पहिली दोन मिनिटं मंडळींना खटकेल, नंतर कान ती आपोआप वगळतो.

खऱ्या स्टीरिओत त्याच्या फक्त अखेरच्या दोन मैफली आहेत, २१ मार्च आणि ४ एप्रिल १९५४, कार्नेगी हॉल, प्रयोग म्हणून केलेल्या. पहिलीत चायकोव्हस्कीची सहावी आहे. तोस्कानिनी पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवी. या सिंफनीच्या शेवटच्या मूव्हमेंटची सुरुवातीची धून एकेक स्वर आलटून पालटून दोन्ही गटांत वाटून लिहिलेली आहे. कुठल्याच गटाकडे ती अख्खी नाही. एका बाजूला बसवलेल्या वाद्यवृंदात हे कळत नाही. इथे धून डावी-उजवी विणली जाताना ऐकू येते. हा तुकडा दोन स्पीकर दूर ठेवूनच लावा.

क्रम असा ठेवला असता: 'सेमिरामिदे'ची नांदी (बारा मिनिटं), सातवीची दुसरी मूव्हमेंट (नऊएक), त्राव्हियाताच्या तालमीतली पाच, 'ऑतेल्लो'चं युगुलगीत (दहा), 'पास्टोरल'ची पहिली मूव्हमेंट, आणि चायकोव्हस्कीची शेवटची मूव्हमेंट. सगळं मिळून तासाभराचं. उरलेल्या वेळात हवं तर १९४९च्या 'आइदा'चं दूरचित्रण दाखवा: मैफलीच्या स्वरूपातलं, वेशभूषा नाही, कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर. रिओत पाठ चालवलेला ऑपेरा, त्रेसष्ट वर्षांनी, समोर वही नाही.

---

दुसरा_चेलो

४ एप्रिलच्या मैफलीबद्दल कुणी विचारेलच, म्हणून. कार्यक्रम पूर्ण वाग्नरचा होता, तो सत्याऐंशी वर्षांचा. 'टानहॉयझर'च्या भागात त्याची स्मृती गेली आणि हात थबकला. रेडिओवाल्यांनी तांत्रिक बिघाड सांगून ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीची सुरुवात लावली. सभागृहात मात्र वाद्यवृंद थांबला नाही; पहिल्या चेलोवरच्या फ्रँक मिलरने खुणा देत सगळ्यांना सावरून नेलं, आणि मग तोस्कानिनी पुन्हा लयीत आला. त्या मैफलीनंतर त्याने जाहीरपणे पुन्हा कधी वाद्यवृंद चालवला नाही. तो भाग बैठकीत वाजवू नये असं मला मनापासून वाटतं.

---

श्रवणवही

नाही वाजवणार. राजकारणाबद्दल किती बोलावं?

---

बारमोजणी

दहा मिनिटं द्या, कारण त्याशिवाय कारकिर्दीतली स्थलांतरं कळत नाहीत. आणि सुरुवात १९१९पासून करा, ती वगळू नका: त्या वर्षीच्या निवडणुकीत तो मिलानमध्ये मुसोलिनीच्याच यादीतून उभा होता आणि पडला. पुढे फॅसिस्ट सत्तेवर आल्यावर तो त्यांचा कडवा विरोधक झाला. १४ मे १९३१ला बोलोन्याच्या थिएटराबाहेर फॅसिस्टांनी त्याच्या तोंडात मारल्या, कारण मैफलीआधी 'जोव्हिनेत्सा' हे पक्षगीत वाजवायला त्याने नकार दिला होता. मुसोलिनीची सत्ता असेपर्यंत त्यानंतर त्याने इटलीत मैफल केली नाही. १९३३ला जर्मनीत हिटलर आल्यावर बायरॉइट सोडलं, १९३८ला ऑस्ट्रियातला साल्झबर्ग महोत्सव.

आणि आपल्या मंडळींसाठी एक दुवा: २६ डिसेंबर १९३६ला तेल अवीवमध्ये ब्रोनिस्लाव्ह हूबरमानने उभ्या केलेल्या पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्राची पहिली मैफल तोस्कानिनीने चालवली, एक पैसाही न घेता. त्यातले बरेच वादक युरोपातून विस्थापित झालेले ज्यू होते. हाच वाद्यवृंद पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी तो २०१९पर्यंत अनेक दशकं सांभाळला. मधल्या काळात, १९७८ ते १९९१, ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचेही संगीत संचालक होते, म्हणजे १९३६च्या सातवीचा वाद्यवृंद. सातवी लावण्याआधी हे सांगा, नंतर नको. नंतर कुणी काही बोललेलं चालणार नाही.